फांगबाईचा डोंगर आनि माझी शिट्टी

त्या संध्याकाळी एर्लांगेनच्या थेटरात आपली म्हनावी अशी मानसं व्हती ती ही: मी सोनाबाई, माझी लेक संगीता, जावई मिलिंदराव, नात ईशा, पुढचे दोन दात पडलेली, रंगमंचावर फांगबाई, आमच्या वरच्या मजल्यावरची चिनी म्हातारी, कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडून बसलेला तिचा लेक वेई, त्याच्या शेजारी दोन तारांची सारंगी वाजवनारा एक बाप्या, ज्याच्या तोंडून मी कधी शब्द ऐकला न्हाई, आनि तिसऱ्या रांगेत, गळ्यात चष्मा अडकवून बसलेला म्युनिकचा सायब. बाकीचे सगळे जर्मन. त्यांची नावं मला ठावं न्हाईत. त्यांनी त्या दिवशी मला काय नाव ठेवलं आसंल ते मी इचारलं न्हाई.

मी बोलतीया, पुतन्याची सून लिहून घेतीया. मी चौथीपत्तर शिकलेली. जर्मनीला गेले ती ईशापायी. तिला शाळेत घातली, आनि तिथली शाळा दुपारच्यालाच सुटती. संगीता दवाखान्याची मशिनं बनवनाऱ्या कंपनीत, मिलिंदराव विद्यापीठात. पोरीकडं बगायला कुनी न्हाई. मंग म्हातारी आठवली.

जाताना मी लोखंडी खलबत्ता घेतला. संगीता फोनवर म्हनली व्हती, "आई, इथं मिक्सर आहे." मिक्सरातल्या चटनीला चव नसती, म्हनून मी तिला न सांगता तो लुगड्यांच्या मधी गुंडाळला. फ्रांकफुर्टला इमानातून उतरले तर एका पोलिसानं पिशवी बाजूला काढली. त्याच्या मशिनीत एक काळा गोळा दिसत व्हता. त्यानं खलबत्ता बाहेर काढला, उलटा केला, आत डोकावला, आनि मला काहीतरी इचारलं. मला भाषा येत न्हाई, पन खलबत्ता बगून मानूस काय इचारंल? मी पिशवीतली लसूण काढली, दोन पाकळ्या आत टाकल्या आनि त्याच्या टेबलावर कुटून दाखवल्या. टेबल हाललं. मागची रांग हासली. पोलिसानं दोनी हात वर केले आनि जा म्हनला. लसूण मात्र मी त्याला तिथंच देऊन आले. कुटलेली परत कुठं बांधायची?

एर्लांगेन गाव ग्वाड हाय. माझ्यायेवढ्या बाया सायकलवरून जात्यात, पुढं टोपलीत भाजी, आनि पाठ कशी ताठ. भाकरी काळी, इटंसारखी, पन चावून खाल्ली तर पोटात टिकती. बटाट्याचा एक चेंडू करत्यात, त्याला क्लोस म्हनत्यात (आपल्या उंडीगत), तो रश्शात बुडवून खायाचा. फकस्त गावात आवाज न्हाई. पयल्या दिवशी मला वाटलं कुनीतरी गेलंय.

आईतवारी मी खलबत्ता काढला आनि शेंगदान्याची चटनी कुटायला बसले. दहा ठोके पडले न्हाईत तोवर दारावर खालचा म्हातारा. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात घड्याळ.

"रूहेत्साईट," तो म्हनला.

"आई, बंद कर," संगीता आतनं धावली. "रविवारी आवाज करायचा नसतो. तसा नियम आहे, घराच्या कागदावर लिहिलंय."

"चटनी करायची न्हाई म्हनून लिवलंय?"

"आवाज, आई."

मिलिंदराव पेपरामागनं म्हनले, "आई, गेनाऊ (बरोबर). तळघरात वाशक्युशे आहे (धुन्याची खोली), तिथं मशीन चालू असताना कुटा. कुणाला ऐकू जात नाही."

जावई तसा हुशार.

दुसऱ्या दिवशी मी खलबत्ता कडंवर घेऊन तळघरात गेले. मशीन धडधडत व्हती. आनि मशिनीपुढं माझ्या वयाची एक म्हातारी उभी, एक हात असा कमळागत धरलेला, डोळे मिटलेले, आनि गळ्यातनं असा बारीक, उंच आवाज काढतीया की माझ्या अंगावर काटा आला. मला बगून ती थांबली. माझ्या कडंवरच्या खलबत्त्याकडं बगितलं. मी वर बोट दाखवलं, मंग तोंडावर बोट ठेवलं. तिनं बी वर बोट दाखवलं आनि तोंडावर ठेवलं. खालच्या म्हाताऱ्यानं तिला बी हाकललं व्हतं.

तिथनं पुढं आमचं जमलं. मशीन घुमायला लागली की ती गायची, मी कुटायची. सरफाच्या डब्यावर मी ठेका धरला तर तिनं मान हालवली, पन दोन ठेके सोडून. तिचा ताल येगळा. आमचे हे तमाशाच्या फडात ढोलकीला व्हते, मी फडाचा स्वयंपाक करायची, पोरीला पडद्यामागं झोपवायची. त्यामुळं ताल चुकला तर मला कळतंय, आनि माझाच चुकत व्हता.

तिच्या गान्यात एक जागा व्हती. सूर चढत चढत जायचा, वर जाऊन थरथरायचा, आनि ती डावी भुवई वर करून माझ्याकडं बगायची. बगतच राहायची. सूर सोडायची न्हाई. मला काय कळंना. मंग तिनं स्वतःच म्हनून दाखवलं: "हाओ." आनि माझ्याकडं बोट. मी म्हनलं, "हाओ." तिनं सूर सोडला आनि खूस होऊन पुढं गेली. मला लगेच कळलं. आपल्याकडं लावनीत बाई जागा घेती आनि समोरनं शिट्टी येती, तसंच हे. तिकडं शिट्टीच्या जागी हाओ (लई ब्येस). मी तिला आमची बी रीत दाखवली. दोन बोटं तोंडात घालून तळघरात अशी शिट्टी मारली की तिच्या हातनं चड्ड्यांची टोपली पडली. ही शिट्टी मला आमच्या ह्यांनी शिकवली व्हती, लांबनं ट्रक थांबवायला. बाईनं शिट्टी मारली म्हनून सासूनं मला बोल लावला व्हता, पन ट्रक थांबायचा.

तिची कथा मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. वेई खाली यायचा, तो आईचं चिनी ऐकून जर्मन बोलायचा, ईशा ते जर्मन ऐकायची, आनि संगीता कामावरनं आली की ईशाकडनं काढून मला मराठीत सांगायची. ईशाला मराठी कळतं, पन उत्तर जर्मनमधीच देती. वरनं मी बोलले की मला म्हनती, "आजी, लाइझं" (हळू). फांगबाई लहानपनी गानं शिकली. रंगमंचावर उभं राहायचं वय आलं तवा जुनी गानी बंद झाली. म्हननारा गुन्हेगार. तिला खेड्यात धाडलं, डुकरं राखायला. तिथं पान्याचा पंप चालू झाला की ती पंपाच्या आवाजात गायची. म्हनून वाशक्युशेत तिला अवघड गेलं न्हाई.

"डुकरांनी हाओ म्हनलं का?" मी इचारलं. ते फिरत फिरत तिच्यापत्तर गेलं. ती येवढी हासली की वेईला पानी आनावं लागलं.

वेई विद्यापीठात नाटक आनि कॉम्प्युटर दोनी शिकत व्हता. त्यानं आईला चीनहून बोलावलं व्हतं ते एका खेळासाठी. खेळ असा: आई जुन्या पद्धतीनं गानार, तोंड रंगवलेलं, लांब पांढऱ्या बाह्या, नदीकाठी नावंची वाट बगनारी बाई. आनि मागं मोठा पडदा. त्या पडद्यावर चिनी शाईचं चित्र, ब्रशानं काढत्यात तसलं, पन काढनारा कुनी न्हाई. कॉम्प्युटर आवाज ऐकतो आनि शाई सोडतो. आईचा सूर चढला की डोंगर चढतो, सूर थरथरला की पानी हालतं. त्यानं आमाला घरी दाखवलं. मी खोकले तर पडद्यावर एक झुडूप आलं. ईशानं दिवसभर खोकून जंगल केलं.

संगीतानं मला त्याची अडचन सांगितली. "वेईचा व्हिसा संपत आलाय, आई. काम मिळालं नाही तर त्याला परत जावं लागणार. दोन प्रयोग आहेत. दुसऱ्याला म्युनिकच्या थिएटरचा माणूस येणार आहे. त्याला आवडलं तर तिकडं नोकरी."

"आनि फांगबाई?"

"तिचं काय? ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहतीये."

पयल्या प्रयोगाला आमी सगळे गेलो. थेटर म्हंजे देवघर. लाल खुर्च्या, आनि मानसं अशी बसलेली की श्वास घेत्यात का न्हाई ते बगावं लागावं. फांगबाई आली. चेहरा गुलाबी आनि पांढरा, डोळे कानापत्तर. मी वळखलं ते तिच्या हातावरनं. तिनं सूर लावला, मागं डोंगर उगवायला लागला. चांगला चालला व्हता. मंग ती जागा आली. सूर वर गेला, थरथरला, भुवई वर. मी तोंड उघडलं तर संगीतानं माझा हात दाबला. "इथं असं नसतं, आई. सगळं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या."

मी तोंड मिटलं. फांगबाई थांबली. थेटरात कुनी हाललं न्हाई. तिनं सूर सोडला, पन कसा, हातातनं भांडं निसटावं तसा. पुढच्या जागेला भुवई वर गेलीच न्हाई. आवाज बारीक झाला आनि पडद्यावर डोंगराच्या जागी गांडूळ पसरलं. मधलं आख्खं गानं तिनं गाळलं आनि आत गेली.

जर्मनांनी टाळ्या वाजवल्या, लई वेळ वाजवल्या, उभं राहून. त्यांना खरंच आवडलं व्हतं. पन फांगबाईला वाटलं, सुटलो एकदाचे म्हनून वाजवत्यात.

मला एक गाव आठवलं, दुष्काळातलं. तंबूत पंधरा-वीस मानसं, भुकेली, कोरडी. फडानं सगळा खेळ केला. कुनी शिट्टी मारली न्हाई, कुनी फेटा उडवला न्हाई. आमचे हे ढोलकी पुसताना म्हनले, "आज म्या वाजवलंच न्हाई बग." मी म्हनलं, "मी ऐकलं की." ते म्हनले, "तू ऐकलंस ग. पन कळवलं न्हाईस." त्या साली आमी उपास लई काढले. ते मी इसरले. हे इसरले न्हाई.

सकाळी वरच्या मजल्यावर भांडन. वेई दाराबाहेर, आई आतनं कडी लावून. तिनं बॅग भरली व्हती. वेई पायरीवर बसला आनि डोकं धरलं. मिलिंदराव समजवायला गेले. "आल्झो (म्हंजे), स्टेज फ्राइट आहे, होतं असं."

"अहो मिलिंदराव," मी म्हनलं, "तुमी ऑफिसला जावा."

तांदळाच्या पिठाच्या दोन भाकरी केल्या, वर ठेचा ठेवला, ईशाला संग घेतलं आनि वर जाऊन दार वाजवलं. बोटांनी न्हाई, तळघरातल्या ठेक्यानं, तोच चुकलेला. कडी निघाली. फांगबाईचे डोळे सुजलेले. तिनं भाकरी खाल्ली. ठेचा पान्याशिवाय खाल्ला, ही एकच बाई मी तिकडं बगितली. मंग मी डावी भुवई वर केली आनि म्हनलं, "हाओ." आनि छातीवर बोट ठेवलं. मी. मी म्हननार.

ती काहीतरी बोलली. वेईनं जर्मन केलं. ईशानं ऐकलं, आनि संगीता तिथं नव्हती. मी म्हनलं, "सांग की ग."

ईशानं पडलेल्या दातांच्या फटीत जीभ फिरवली. मंग म्हनली, "ती म्हणते… तू एकटीच?"

पोरीच्या तोंडातनं मराठी निघालं बगा.

"तिला सांग," मी म्हनलं, "डुकरांपेक्षा बरी."

दुसऱ्या प्रयोगाला मी रांगेच्या कडंची खुर्ची धरली. संगीताला काय सांगितलं न्हाई. पुढं तिसऱ्या रांगेत म्युनिकचा सायब, चष्मा गळ्यात, हात छातीवर बांधलेले. ईशा माझ्या मांडीवर.

फांगबाई आली. मला शोधलं. मी मान हालवली. गानं सुरू झालं, डोंगर उगवायला लागला, आनि मला अशी घाई झाली व्हती की काय सांगू. तिनं बाही वर उडवली, सूर उंच गेला, मला वाटलं आली जागा. हाओ म्हनायच्या ऐवजी सवयीनं दोन बोटं तोंडात गेली आनि शिट्टी सुटली. ट्रक थांबवायची शिट्टी.

जागा ती नव्हती. त्या गान्यात त्या बाईला नाव बुडाल्याची बातमी कळली व्हती.

वेईच्या मायकानं शिट्टी आख्खी घेतली. पडद्यावर डोंगरामागनं काळा गोळा उठला, फुटला, दोनी बाजूंना पसरला, आनि कावळ्यागत पंख फडकावून आख्ख्या डोंगरावरनं उडाला. थेटरात "आह" झालं. पुढच्या चार डोक्यांनी वळून "प्स्स्ट" केलं. मिलिंदराव खुर्चीत खाली सरकत गेले, सरकत गेले, नुसते केस दिसायला लागले. वेई उभा राहिला, दोनी हात डोक्यावर.

"आई," संगीता दातातनं म्हनली, "पाया पडते तुझ्या."

फांगबाईनं त्या कानापत्तरच्या डोळ्यांनी माझ्याकडं असं बगितलं की मला सासू आठवली. चुकीच्या जागी हाओ म्हंजे तिकडं शिवी, हे मला मागनं कळलं. शिट्टी म्हंजे काय आसंल ते तुमीच वळखा. पन मी नीट बगत व्हते. रंगाखाली तिचा गाल हालला. हासू दाबत व्हती.

आनि आता खरी जागा आली. सूर चढला, वर गेला, थरथरला. भुवई वर. माझ्याकडंच बगतीया. परत चुकलं तर? त्या पोराचा व्हिसा, त्या म्हातारीची उभी राहायची एकच येळ. सूर थांबंना. तिच्या गळ्याची शीर दिसायला लागली. ती सोडनार न्हाई, मला कळलं, मरंल पन सोडनार न्हाई, आनि माझी जीभ टाळूला.

"हाओ!" मांडीवरनं ईशा वरडली. लाइझं म्हननारी पोरगी.

मंग माझं सुटलं. "हाओ!"

पडद्यावर डोंगर असा उसळला की वरनं पडद्याबाहेर गेला. फांगबाईनं सूर सोडला, आनि पुढचा घेतला तो मी तळघरात बी कधी ऐकला नव्हता. जर्मन बगत व्हते, पडद्याकडं, आमच्याकडं, परत पडद्याकडं. त्यांच्या ध्यानात आलं की चित्राला कान हाय. पुढच्या जागेला मागनं एक पोरगी हळूच म्हनली, "हाओ." शाईचा एक थेंब पडला. मंग दोघं. मंग दहा. शेवटाला आख्खं थेटर भुवईची वाट बगत बसलं, आनि भुवई वर गेली की सगळे एकदम, आनि मागं पाऊस, नदी, आनि नदीत, वेईनं कधी काढायला सांगितली नव्हती, ती नाव. निदान मला तरी नाव दिसली. म्युनिकच्या सायबानं चष्मा डोळ्यावर चढवला. त्याचा हाओ खोकल्यागत व्हता. त्याचं एक झुडूप आलं.

खेळ झाल्यावर सायब वेईला भेटला. संगीता मला कानात सांगत व्हती. त्यानं इचारलं, "मधे तो काळा पक्षी उडाला, नाव बुडाल्यावर. फार धाडसी. ती कल्पना कुणाची?"

वेईनं आईकडं बगितलं. आईनं माझ्याकडं. मी छताकडं.

"परंपरा," वेई म्हनला.

मी परतले ती थंडी सुरू व्हायच्या आत. खालच्या म्हाताऱ्यानं जिन्यात पिशवी उचलायला हात लावला, आनि खलबत्त्याच्या वजनानं वाकला. मी इच्यार केला आनि तो संगीताकडंच ठेवला. हितं आले, अंगनात मिरच्या वाळत घातल्या. आवाज हाय सगळीकडं, भोंगे, कुत्री, शेजारनीची भांडनं. बरं वाटलं. फडात असताना मला वाटायचं, खेळ करनारे ते तिकडं उजेडात, आनि आमी स्वयंपाकवाल्या अंधारात, आमचं काय काम? आता कळलं, अंधारात बसनाऱ्याचं बी काम असतं, आनि ते मी तोंड मिटून लई वरसं केलं.

वेईला काम मिळालं. खेळ म्युनिकला चालू हाय. काळा पक्षी तसाच ठेवलाय, त्याच जागी. मी निघायच्या आधी त्यानं माझी शिट्टी कॉम्प्युटरात भरून घेतली, तळघरात, मशीन बंद करून, आनि खालचा म्हातारा तक्रार करायला आला न्हाई. म्हंजे मी हितं मिरच्या वाळवती आनि माझी शिट्टी म्युनिकला कामाला जाती. फोनवर ईशानं सांगितलं, मराठीत, अडखळत, की फांग-आजीला ती कॉम्प्युटरची शिट्टी आवडत न्हाई. शिट्टी रोज येळेवर येती. ती कधी चुकत न्हाई. आनि पुढच्या जागेला भुवई वर करून फांगबाई अजून कडंच्या खुर्चीकडं बगती.

तुमच्यातलं कुनी म्युनिककडं गेलं, तर त्या खेळाला जावा. कडंची खुर्ची धरा. तिची डावी भुवई वर गेली की मोठ्यानं हाओ म्हना. भाषा येत नसली तरी म्हना.